दाबण्याआधी वाचायचं: इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी फोनची शिकवणी

तिसरीतला मुलगा यूट्यूब लावतो, गेम उतरवतो, गावच्या आजोबांना व्हिडिओ कॉल जोडून देतो. घरचे कौतुकाने सांगतात, "याला फोनमधलं सगळं कळतं." एकदा त्याला विचारून बघा, आत्ता जे निळं बटण दाबलंस त्यावर काय लिहिलं होतं? उत्तर येतं, "ते दाबलं की पुढे जातं." बटणाची जागा त्याला पाठ आहे, मजकूर त्याने वाचलेलाच नाही. 'डिजिटल नेटिव्ह' हा शब्दप्रयोग मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली रूढ केला. मुलांना हे सगळं उपजतच येतं, असं समजून मोठी माणसं तेव्हापासून जरा जास्तच निर्धास्त झाली, असं मला वाटतं.

मी नाशिकच्या सिडकोत तिसरी ते सातवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलं मराठी आणि सेमी माध्यमातली. आईवडील अंबड-सातपूरच्या कंपन्यांत किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात. आपल्याकडे २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. पण धड्याबाहेर या मुलांना खरंखुरं इंग्रजी भेटतं ते दुकानांच्या पाट्यांवर आणि फोनच्या पडद्यावर. म्हणून फोनचा वर्ग वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा, असं मी करत नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचणं, कोणी लिहिलंय ते विचारणं आणि मग बोट लावणं, यात इंग्रजीही आलं आणि शहाणपणही. खालच्या पायऱ्या घरात एकच फोन असलेल्या पालकांना आणि वर्गात एकच फोन असलेल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. टॅब असेल तर उत्तमच, पण अडून काही राहत नाही.

पायरी १: आधी फोन आवरून घ्या

हे काम मोठ्यांचं, आणि मूल समोर नसताना करायचं. पैशांची ॲप, बँकेचे मेसेज आणि व्हॉट्सॲप यांना वेगळं कुलूप लावा. यूट्यूबमध्ये ऑटोप्ले बंद करा आणि रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. गुगलच्या सर्चमध्ये सेफसर्च चालू आहे का ते बघा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोला ठिकाण जोडण्याची सोय असते, ती बंद ठेवा. कारण पुढे कळेल.

अँड्रॉइड फोनमध्ये 'ॲप पिनिंग' नावाची एक सोय असते आणि ती फार थोड्या पालकांना माहीत असते. ती वापरली की फोन एकाच ॲपवर अडकून राहतो आणि पिन मागण्याचा पर्याय चालू ठेवला तर पिन टाकल्याशिवाय मुलाला तिथून बाहेर पडता येत नाही. प्रत्येक कंपनीने ती वेगळ्या कपाटात ठेवलेली असते. सेटिंगच्या शोधपट्टीत 'पिन' टाइप केलं की सापडते.

खात्यांचं म्हणाल तर गुगल आणि व्हॉट्सॲप या दोघांचीही आपल्याकडे किमान वयाची अट १३ वर्षांची आहे. त्याखालच्या मुलाला गुगल खातं हवंच असेल तर ते पालकाने गुगलच्याच फॅमिली लिंक या ॲपमधून उघडून द्यायचं. जन्मसाल खोटं टाकून खातं काढायची पद्धत घरोघर आहे, पण मुलाला इंटरनेटवर पहिला धडाच खोटं बोलण्याचा कशाला द्यायचा? तिसरी-चौथीला तर खात्याची गरजच पडत नाही. पालकांच्या फोनवर, पालकांच्या शेजारी बसून सगळं होतं.

वेळ एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. ज्या घरात वडिलांची सेकंड शिफ्ट असते तिथे फोन संध्याकाळी घरात नसतोच. अशा घरांनी सकाळची शाळेआधीची वेळ धरावी किंवा सुट्टीच्या दिवशी एकदाच नीट बसावं. रोज पाच मिनिटं घाईघाईत करण्यापेक्षा ते बरं.

पायरी २: बटणांचं इंग्रजी

इथे चांगले दोन-तीन आठवडे घालवा. फोनची भाषा मराठी करून दिली तर सोपं जातं, मान्य आहे, आणि लहान मुलांसाठी सुरुवातीला तसंच करा. पण तिसरीच्या पुढे भाषा इंग्रजी ठेवून एकेक पडदा वाचायला लावा. फोनवरची इंग्रजी वाक्यं आखूड असतात, सगळी क्रियापदांनी भरलेली असतात आणि प्रत्येकाचा परिणाम लगेच दिसतो. नवशिक्याला यापेक्षा चांगलं वाचन कुठून आणणार?

रोजच्या वापरातल्या पडद्यांचे स्क्रीनशॉट काढा. त्यावरचे शब्द मुलांकडून वहीत उतरवून घ्या: अलाऊ, डोन्ट अलाऊ, ओन्ली धिस टाइम, व्हाइल यूझिंग द ॲप, स्किप, कॅन्सल, अन्डू, डिलीट, सेंड, शेअर, इन्स्टॉल, अपडेट, रिपोर्ट, ब्लॉक, फ्री ट्रायल. अर्थ आधी सांगू नका. जुन्या पत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहून पत्ते करा. एकाने फोन व्हायचं, पत्ता दाखवायचा. दुसऱ्याने दाबायचं की नाही ते ठरवायचं आणि पुढे काय होईल ते सांगायचं.

आमच्याकडे हा खेळ चालतो तेव्हा साधारण असं संभाषण होतं. 'फोन' झालेली मुलगी पत्ता धरते. टॉर्चचं ॲप आहे आणि ते कॉन्टॅक्ट्स मागतंय.

"अलाऊ," समोरचा बिनदिक्कत सांगतो.

"टॉर्चला तुझ्या आईच्या मैत्रिणींचे नंबर कशाला रे?"

"पण मॅडम, अलाऊ नाही दाबलं तर ॲप चालतच नाही."

"दाबून बघितलंस कधी?"

मग खऱ्या फोनवर 'डोन्ट अलाऊ' दाबायचं. टॉर्च बहुतेक वेळा लागतोच. आणि समजा नाहीच लागला, तर ते ॲप काढून टाकायचं, कारण फोनमध्ये टॉर्च मुळातच असतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की मुलांना 'डोन्ट' या शब्दाची ताकद कळते. व्याकरणाच्या तासाला नकारार्थी वाक्यं शिकवून ती कळत नाही.

सोबत दोन-तीन वाक्यं तोंडी बसवा. "व्हाय डज इट वॉन्ट माय कॉन्टॅक्ट्स?" "नॉट नाऊ." "लेट मी आस्क माय मदर." या वाक्यांचा उपयोग पडद्यासमोरच होतो असं नाही.

पाचवीच्या पुढच्या मुलांना फसवी बटणं ओळखायला द्या. जाहिरातीच्या कोपऱ्यातली इवलीशी फुली, खऱ्या बटणाशेजारी ठळक रंगातलं खोटं 'डाउनलोड', आणि 'नो, आय डोन्ट वॉन्ट टू बी स्मार्ट' अशा धर्तीचं नकाराचं बटण, म्हणजे नाही म्हणायला लाज वाटावी म्हणून मुद्दाम तसं लिहिलेलं. अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांच्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात असे १३ प्रकार नोंदवले आहेत. मुलांना प्रकारांची नावं पाठ करायला लावू नका. आठवड्यात एक तरी फसवं बटण शोधून आणायला सांगा. शिकार केल्यासारखी शोधतात.

पायरी ३: माइकसमोर बोलणं

कीबोर्डवर जे माइकचं चिन्ह असतं ते दाबून बोललं की शब्द उमटतात. उच्चाराच्या सरावासाठी हे फुकटचं साधन आहे. भाषा 'इंग्लिश (इंडिया)' निवडा, नाहीतर यंत्राला आपला लहेजा कमी कळतो आणि मूल हिरमुसतं.

आपल्या मुलांचे अडणारे उच्चार ठरलेले आहेत. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप', 'फिल' आणि 'फील' एकच होतात. जहाज म्हणायला जावं आणि मेंढी उमटावी, यात मुलांना भारी गंमत वाटते. दुसरी जोडी 'व'ची: पश्चिम दिशेचा 'वेस्ट' आणि अंगात घालायचा 'व्हेस्ट'. एक ओठ गोल करून, दुसरा खालच्या ओठाला वरचे दात टेकवून. आधी आरशासमोर, मग माइकसमोर.

एक धोका इथे आहे. पूर्ण वाक्य बोललं की यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं आणि चुकीचा उच्चारही दुरुस्त करून लिहितं. सुटा शब्द बोलला तर उलट, बरोबर उच्चारही कधी चुकीचा उमटतो. म्हणून दोन्ही करून बघा आणि यंत्राचा निकाल शेवटचा मानू नका. माझ्या वर्गात तीनदा बोलूनही चुकीचं उमटलं तर शेजारच्याने ऐकून सांगायचं. माणसाला कळलं ना, मग झालं.

अगदी नवशिक्यांसाठी गुगलचं रीड अलाँग हे ॲप चांगलं आहे. ते २०१९ साली भारतात 'बोलो' या नावाने आलं होतं. त्यातली दिया नावाची बोलकी मदतनीस मुलाचं वाचन ऐकते आणि अडलेला शब्द सांगते. त्यात मराठी गोष्टीही आहेत, आणि गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. पेठ, सुरगाण्याकडच्या शिक्षकांनी बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आल्यावर हे उतरवण्याचं काम उरकून घ्यावं.

पायरी ४: वाचन

इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण साहित्य मुबलक आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर २०१५ सालापासून मुलांची पुस्तकं मोफत आणि खुल्या परवान्याखाली मिळतात. एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते आणि इंग्रजीतही. पुस्तकांना चार पातळ्या आहेत. मूल मराठीत ज्या पातळीचं वाचतं त्याच्या एक-दोन पातळ्या खालचं इंग्रजी द्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत आहेत, आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपने उघडतात. कोड स्कॅन करण्याआधी तो कुठे नेणार हे वाचायची सवय मात्र इथूनच लावा. रस्त्यावर चिकटवलेला प्रत्येक चौकोन पाठ्यपुस्तकातला नसतो.

व्हिडिओ बघणार असाल तर सबटायटल लावा आणि वेग पाऊणपट करा. आपोआप उमटणारी सबटायटलं चुकतात, विशेषतः भारतीय नावांच्या ठिकाणी. ती चूक पकडणं हाच गृहपाठ.

पायरी ५: शोधायला शिकवणं

मुलांना शोध घ्यायला सांगितलं की ती अख्खा प्रश्न रोमन अक्षरांतल्या मराठीत टाइप करतात किंवा माइकवर बोलतात. जे पहिलं येईल ते वहीत उतरवतात. झाला प्रकल्प!

एक नमुना करून बघा. मुलांना सांगा, आपल्या नळाला ज्या धरणातून पाणी येतं त्याची इंग्रजीत माहिती शोधा. ती इंग्रजीत फक्त 'गंगापूर' टाकतील. आता यादी एकत्र वाचा. राजस्थानातलं गंगापूर सिटी येईल, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला गंगापूर तालुका येईल, कदाचित कर्नाटकातलं दत्ताचं गाणगापूरही डोकावेल. यातलं आपलं कोणतं? मुलं गोंधळतात, आणि तेच हवं असतं. मग एकेक शब्द जोडायला लावा: गंगापूर डॅम, मग गंगापूर डॅम नाशिक, मग गंगापूर डॅम नाशिक गोदावरी रिव्हर. प्रत्येक शब्दासरशी यादी कशी आवळत जाते ते बघायला लावा. शोधपट्टीला पूर्ण वाक्य लागत नाही, 'इज', 'द', 'ऑफ'वाचून तिचं काही अडत नाही, नामं लागतात. इंग्रजी नामं शिकवायला याहून सरळ कारण मला सापडलेलं नाही.

नाशिकचं स्पेलिंगही दोन तऱ्हांनी करून बघा, मधल्या एचसह आणि एचशिवाय. जुन्या कागदपत्रांत आणि जुन्या पाट्यांवर एच नसलेलं सापडतं. सर्च इंजिन आता बऱ्याचदा दोन्ही एकच समजतं, पण रोमन लिपीत मराठी नाव एकाहून अधिक प्रकारे लिहिलं जातं हे मुलांना कळलं पाहिजे. त्र्यंबकेश्वर टाकून बघा, किती तऱ्हा होतात!

मग निकालांच्या पानावर थांबा, काहीही उघडू नका. चार गोष्टी वाचायच्या.

– वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलंय का? म्हणजे ती जागा पैसे देऊन घेतलेली आहे.
– अगदी वर यंत्राने जुळवलेला उताऱ्यासारखा मजकूर आहे का? तो वाचा, पण तो कुठून घेतला ते दुवे उघडून बघितल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही.
– पत्त्याचं शेपूट काय आहे? 'गव्ह डॉट इन' सरकारी यंत्रणांनाच मिळतं. 'डॉट कॉम' आणि 'डॉट ऑर्ग' मात्र कोणीही पैसे भरून घेऊ शकतं. 'डॉट ऑर्ग म्हणजे संस्था, म्हणजे विश्वासू' असं काही शिक्षकही सांगतात, ते सोडून द्या.
– तारीख आहे का?

आकडा असेल तर तो किमान दोन ठिकाणी बघायचा, आणि ती दोन ठिकाणं एकमेकांची नक्कल नसावीत. गोदावरीची लांबी घ्या. बहुतेक ठिकाणी १,४६५ किलोमीटर मिळेल, कुठे थोडा वेगळा आकडाही दिसेल. कोणता लिहायचा आणि का, हे मुलाला एका इंग्रजी वाक्यात सांगता आलं पाहिजे: "आय चोज धिस नंबर बिकॉज..." पुढचं त्याचं त्याने पुरं करायचं.

गावातल्या माहितीसाठी फोन हा एकच रस्ता नाही, हेही दाखवा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आपल्या शहरात आहे. मोठ्या मुलांना एखादी माहिती तिथल्या पुस्तकात आणि फोनवर अशी दोन्हीकडे शोधायला लावा. पुस्तकात लेखकाचं नाव आणि साल पहिल्या पानावरच सापडतं, वेबसाइटवर ते हुडकावं लागतं.

पायरी ६: दुतोंड्या मारुतीचा फोटो

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? पायाला, कमरेला, छातीला की गळ्याला? रामकुंडाजवळची ती मूर्ती म्हणजे गावाची पूरमोजणी. आणि दर पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली रे आली की छातीपर्यंत पाणी चढलेला एखादा फोटो ग्रुपवर फिरायला लागतो. तो आजचा असतो, गेल्या वर्षीचा असतो किंवा कित्येक वर्षांपूर्वीचा. पंचवटीत राहणाऱ्या आजीच्या काळजीने घरं हलतात.

खरं-खोटं शिकवायला यापेक्षा घरचं उदाहरण मिळणार नाही. असा एक फोटो जपून ठेवा आणि तास सुरू करा. इंग्रजीत आपण डब्ल्यूएच प्रश्न शिकवतोच. तेच इथे कामाला लावा. फळ्यावर पाच प्रश्न: हू टूक धिस फोटो? व्हेन? व्हेअर? हू सेंट इट टू अस? व्हाय?

'व्हेअर'चं उत्तर मुलं चटकन देतात, मूर्ती ओळखीची असते. 'हू सेंट'ला उत्तर येतं, "काकांनी पाठवला." काकांना कोणी पाठवला? इथे व्हॉट्सॲपवरची बारीक अक्षरं वाचायला लावा. 'फॉरवर्डेड' लिहिलंय की दुहेरी बाणाखाली 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलंय? दुसरं असेल तर तो मजकूर मूळ माणसापासून निदान पाच हात पुढे आलेला आहे, म्हणजे काकांना त्यातलं काही माहीत असण्याची शक्यता कमीच.

'व्हेन' मात्र अवघड. फोटो नीट न्याहाळायला लावा. मागे कोणती बांधकामं दिसतात, कोणते फलक आहेत, ऊन आहे की ढग? आज सकाळपासून आपल्याकडे पाऊस आहे आणि फोटोत लख्ख ऊन आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला शाबासकी द्या. मग गुगल लेन्समध्ये फोटो टाका आणि तोच फोटो आणखी कुठे आहे ते बघा. जुन्या तारखेच्या बातमीत सापडला तर प्रकरण मिटलं. नाही सापडला तर? तर तो नवा आहे असं सिद्ध होत नाही, हे आवर्जून सांगा. 'वी डोन्ट नो' हे वाक्य मुलांना मोकळेपणाने म्हणता यायला हवं. आपल्या शाळांत ते म्हणायची सवय नाही, उत्तर यायलाच हवं असा धाक असतो.

शेवटी प्रत्येकाने फोटोखाली एक ओळ लिहायची. "धिस फोटो इज ओल्ड." किंवा "धिस फोटो मे बी ओल्ड. वी आर चेकिंग." 'इज' आणि 'मे बी' यातला फरक असा एकदा वापरला की डोक्यात बसतो. मूळ ग्रुपवर खुलासा टाकायचा की नाही, ते पालकांनी ठरवावं. काकांना सगळ्यांसमोर खोडण्यापेक्षा वेगळा फोन केलेला बरा.

आता २०२७च्या सिंहस्थाची तयारी चालली आहे, त्यामुळे प्रयागराजच्या गर्दीचे फोटो नाशिकचे म्हणून फिरतील. पाच प्रश्न तेच.

मोठ्या मुलांसाठी एक इंग्रजी मजा आहे. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती देणारी एक वेबसाइट १९९८ सालापासून नेटवर आहे. प्राणी नामशेष होतोय म्हणून कळवळून लिहिलेलं, फोटोसकट, आणि सगळं बनावट. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली तेव्हा बहुतेकांनी विश्वास ठेवला होता. इंग्रजीत 'ट्री ऑक्टोपस' शोधा, मुलांना ती वेबसाइट दाखवा आणि गप्प बसा. कुणी तरी "मॅडम, पाण्याशिवाय?" असं विचारेपर्यंत. मग त्याच नावाने दुसरीकडे शोधायला लावा. एखादी वेबसाइट खरी की खोटी हे तिच्यातच बसून ठरत नाही, बाहेर पडून तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघावं लागतं.

पायरी ७: भाषांतराचं यंत्र आणि एआय

बंदी घालू नका, ती पाळली जात नाही. उलटं भाषांतर शिकवा. मराठी वाक्य यंत्रात टाकायचं, आलेलं इंग्रजी उचलून परत मराठीत आणायचं आणि दोन्ही मराठी वाक्यं शेजारी ठेवायची. "माझे डोळे आलेत, म्हणून मी शाळेत आलो नाही" हे वाक्य टाकून बघा. कधी बरोबर येतं, कधी डोळे कुठून तरी प्रवास करून येतात. यंत्र बदलत राहतं, त्यामुळे काय येईल ते आज सांगता येत नाही. मूल फरक पकडतं का, एवढंच पाहायचं. नियम असा ठेवा की आधी स्वतःचं वाक्य वहीत, मग यंत्र, मग तिसऱ्या रंगाने दुरुस्ती. वहीत तिन्ही दिसले पाहिजेत.

चॅटजीपीटीसारख्या साधनांना १३ वर्षांची अट आणि १८ पर्यंत पालकांची संमती लागते. म्हणून वर्गात फोन माझ्या हातात असतो, प्रश्न मुलं सांगतात. विषय असा निवडते की त्यात मुलं यंत्रापेक्षा तज्ज्ञ असतील: आपली शाळा, आपला बसस्टॉप, आपल्या चौकातला मिसळवाला. यंत्र ऐटीत, शुद्ध इंग्रजीत उत्तर देतं आणि त्यात भलतंच काही घुसवतं. मुलांनी प्रत्येक वाक्यापुढे 'ट्रू', 'फॉल्स' किंवा 'नॉट शुअर' लिहायचं. इंग्रजी सफाईदार आहे म्हणून मजकूर खरा, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, मोठ्यांतसुद्धा. तो सहावीत हलला तर पुढचं बरंच सोपं होईल.

पायरी ८: स्वतःचं काहीतरी बनवणं

आतापर्यंत मुलं वाचत आणि तपासत होती. आता एक मिनिटाची इंग्रजी ध्वनिफीत करायची, नाशिकला पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्यासाठी. विषय काळाराम मंदिर किंवा पांडवलेणीच हवा असं नाही. सीबीएसवरून बस कशी पकडायची, भाजी मार्केटात भाव कसा विचारायचा, हेही चालेल. उलट जवळचा विषय घेतला की वाक्यं नक्कल करून आणता येत नाहीत. "धिस इज अवर बस स्टॉप. देअर इज अ बिग नीम ट्री. इन द मॉर्निंग इट इज व्हेरी क्राउडेड. हॅव चेंज रेडी." सुट्टे पैसे तयार ठेवा, हे नेटवरच्या कुठल्या निबंधात सापडणार?

क्रम असा: जागा बघून यायची, मराठीत बोलायचं, पाच-सहा इंग्रजी वाक्यं लिहायची, फोनच्या रेकॉर्डरवर बोलायचं, ऐकायचं, परत बोलायचं. ऐतिहासिक माहिती घातली तर ती पाचव्या पायरीसारखी दोन ठिकाणी तपासायची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०चा, दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मले, अशा गोष्टी मुलं उत्साहाने घालतात आणि सालं हमखास उलटी करतात.

फोटो जोडायचा असेल तर त्यात कुणाचा चेहरा नको, शाळेचा गणवेश आणि बिल्ला नको, घराचा क्रमांक नको. गणवेशावरून शाळा कळते, शाळा सुटायची वेळ कोणालाही कळते. आणि पहिल्या पायरीत बंद केलेलं ठिकाण: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. नेटवरचं दुसऱ्याचं चित्र वापरायचं तर परवाना बघायचा आणि खाली नाव द्यायचं. 'फोटो बाय' अमुक, एवढं पुरे.

ध्वनिफीत पालकांच्या ग्रुपपुरती ठेवा. जाहीर चॅनेलवर टाकायची घाई नको. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक केली आहे. कायद्याचा रोख कंपन्या-संस्थांवर आहे, पण क्लासच्या जाहिरातीत मुलांचे चेहरे झळकवणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

पायरी ९: गडबड झाली तर

मूल सांगायला येईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची. "फोन काढून घेईन" ही धमकी ज्या घरात असते त्या घरातली मुलं काही सांगत नाहीत. माझ्या वर्गात सांगणाऱ्याचा फोन कधीच बंद होत नाही, हे पालकांकडूनही कबूल करून घेते.

अनोळखी माणसाने बोलणं सुरू केलं, फोटो मागितला, धमकी दिली, तर मुलाने उत्तर द्यायचं नाही आणि काही पुसायचंही नाही. घाबरून आधी सगळं डिलीट करतात, आणि नेमका पुरावाच जातो. स्क्रीनशॉट काढायचा, मोठ्यांना दाखवायचा, मग 'रिपोर्ट' आणि 'ब्लॉक', याच क्रमाने. दुसऱ्या पायरीतल्या पत्त्यांत हे दोन शब्द उगाच नव्हते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहे, तो मुलाला स्वतःलाही लावता येतो. हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

पासवर्ड मुलांकडूनच बनवून घ्या: एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द, दोन इंग्रजी, दोन रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी. जिना, पेलिकन, भाकरी, थंडर असं काहीतरी. लक्षात राहतो, लांबलचक होतो आणि स्पेलिंगचा सराव होतो. हा नमुना मात्र आता छापून आला, तेव्हा तो सोडून दुसरा करा.

सत्र संपताना परीक्षा घ्यायची असेल तर कागदावर घेऊ नका. मुलाच्या हातात त्याने कधी न वापरलेला फोन द्या, शेजाऱ्यांचा किंवा मावशीचा. एक नवीन ॲप उघडायला सांगा, एक माहिती शोधायला सांगा, एक फोटो तपासायला सांगा. तुम्ही शेजारी बसून फक्त त्याचं बोट कुठे थांबतं ते बघा.